उघडून दाखवलेली बिजागरी

पितळी पात्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, धुरकट, आणि पाहता पाहता विरत चालला होता, कडेकडून आत, आरशावरचा श्वास विरतो तसा. त्याने पुन्हा अंगठा टेकवला. बिजागरी तळहातावर पसरलेली, एक पातं इकडे, एक तिकडे, आणि मधल्या नळीत तो मणी... दिसत नव्हता, पण तेलात निवांत पडून आहे हे बोटांना कळत होतं.

"बाबा, खिशात ठेवा ती," सून हळूच म्हणाली. "इथे सगळे आपापला शोध घेऊनच बसलेत."

खरंच होतं ते. छोट्या उद्योगांच्या सरकारी मदत केंद्रातली ही लांबट खोली, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, आणि प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी झाकलेलं. समोरच्या गृहस्थांनी तर आपल्या खोक्यावर अंगातला कोट पांघरला होता आणि मधूनमधून ते त्यावर हात ठेवत होते, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. बिजागरी खिशात सरकवताना त्याला हसू आलं. आयुष्यभर कार्यशाळेत बिजागऱ्या केल्या, पण त्या झाकून न्यायची वेळ कधी आली नव्हती. दाराची बिजागरी — तिच्याकडे कोण बघतो?

पण ही वेगळी होती. ही लावलेलं दार कितीही जोरात ढकला, शेवटच्या वीतभर अंतरात ते थबकतं आणि मग सावकाश लागतं. मध्ये लहान मुलाचं बोट आलं तर ते काढून घ्यायला वेळ मिळतो. सरकारने संशोधनासाठी पहिल्या टप्प्याचा निधी दिला, आणि सून चांगली चालू नोकरी सोडून कार्यशाळेत आली. दुसरा टप्पा मिळाला तर साचे होतील, मोठ्या चाचण्या होतील, हाताखाली माणसं येतील. मात्र त्याआधी ही कल्पना आपली आहे याची कायद्याने नोंद हवी, म्हणजे पेटंटचा अर्ज हवा. आणि तो कसा करायचा हे सांगणारी सल्लागार इथे बसते. अर्ज फसला तर पुढचा निधी नाही, आणि उद्या एखादा मोठा कारखाना हीच बिजागरी खुशाल काढेल. नोकरी सोडल्याचं ती कधी बोलून दाखवत नाही... म्हणून तर मला ते सारखं ऐकू येतं.

नंबर लागला तसे दोघं आतल्या खोलीत गेले. सल्लागार बाई तरुण होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. सुनेने सगळं नीट सांगितलं. किती सुरेख बोलते ही, त्याला वाटलं, एकही शब्द सांडत नाही.

"याआधी ही कुणाला दाखवली आहे?" बाईंनी विचारलं. "आधीच चारचौघांत उघड झालेल्या गोष्टीचं पेटंट मिळणं कठीण असतं."

"एका बालवाडीच्या दाराला बसवलीय, चाचणीसाठी," सून म्हणाली. "पण नळीवर टोपण आहे. बाहेरून काही कळत नाही."

"मग ठीक. म्हणजे आतली रचना कुणी पाहिलेली नाही."

...ऊन होतं त्या दिवशी, बालवाडीच्या फरशीवर चौकोनी ऊन. पालक बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. एका मुलीने विचारलं, आत कोण आहे? काय आहे नव्हे, कोण आहे. आता असं विचारल्यावर टोपण कोण लावून ठेवील? त्याने ते काढलं, मणी चिमटीत धरून दाखवला, आणि मग पोरांनाच उभं केलं: तुम्ही सगळे तेल, आणि हा दारात उभा आहे तो मणी. हळू एकेक जण या — गेलात की नाही बाजूने? आता सगळे एकदम धावा. ढकलाढकली, मणी दारात घट्ट, तेल अडलेलं, हसून हसून एकमेकांवर पडलेलं तेल...

"दाखवली आहे," तो म्हणाला.

सून वळली. "काय दाखवली आहे?"

"उघडून. पालकांच्या दिवशी. तू त्या दिवशी निधीच्या कार्यालयात गेली होतीस."

समोरच्या उघड्या पेनाची टोपी तिने बसवली, काढली, पुन्हा बसवली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे बघा काका, मुलं लहान होती. पालक गप्पा मारत असतील. त्यावरून कुणाला ही बनवता येईल इतकं कळलंच नाही, असा मुद्दा मांडता येतो. काय वाटतं तुम्हाला? कळलं असेल कुणाला?"

वाट मोकळी होती. नाही म्हणायचं. त्यात खोटं तरी किती? दुसऱ्याला काय कळलं हे कुणी ठामपणे सांगावं... नाही म्हण, हिच्यासाठी म्हण. पण ते चेहरे! मागच्या रांगेतल्या त्या गुमसुम मुलाचं तोंड किंचित उघडं राहिलं, डोळे मण्यावर, आणि मग आत कुठेतरी दिवा लागल्यासारखं — कळलं. ते मी पाहिलं. नाही कळलं म्हणायचं म्हणजे...

"सगळ्यांना कळलं," तो म्हणाला, आणि आपल्याच आवाजातला तोरा त्याला ऐकू आला. "एकीने तर घरी जाऊन मातीची केली. मण्यासकट."

"मण्यासकट," सून म्हणाली.

बाईंना हसू आवरेना. "काका, आमच्याकडे येणारे लोक असं सांगत नाहीत." मग त्या गंभीर झाल्या. सांगितलंत ते बरं झालं, म्हणाल्या. दडवून पुढे गेला असतात तर नंतर कुणीतरी उकरून काढलं असतं. काही नियमांत अशा बाबतीत सवलत असते, काहींत नाही. वरिष्ठांना विचारून कळवते. तोपर्यंत बाहेरच्या कुणासमोरही टोपण काढायचं नाही.

दोघं बाहेर येऊन रस्त्याला लागले. ती रागावली असेल तर रागावू दे, हक्क आहे तिचा. आणि तरी छातीत जड असं काही नव्हतं. होतं ते नुसतं रिकामं, स्वच्छ, झाडून काढलेल्या खोलीसारखं. त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

"मला का नाही दाखवलीत?" ती एकदम म्हणाली.

"तुला? सगळे अर्ज तर तूच लिहिलेस."

"तुम्ही सांगितलं ते लिहिलं. मणी तेलाची वाट अडवतो. का अडवतो ते मला अजून माहीत नाही, बाबा. आत त्या बाईंसमोर बसले होते ना, तेव्हा अर्जाचं नंतर आठवलं. आधी त्या मातीवालीचाच हेवा वाटला."

"विचारायचंस की."

"मोठी माणसं विचारत नाहीत. मान डोलावतात." ती हसली, अगदी थोडं. "मी काही बाहेरची नाही. माझ्यासमोर टोपण काढलेलं चालतं."

तो थांबला, मग पुन्हा चालू लागला. अर्जाचं काय होणार, हे माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं इतक्यात सरणारही नव्हतं. पण त्याच्या शेजारी आता दुसरं एक माहीत नसणं येऊन बसलं होतं, हलकं, जवळजवळ गोड. हिला कुठून सांगायला लागावं? पोरांचा खेळ हिला चालायचा नाही... की चालेल? तेलापासून धरावं? दारापासून? आधी हिने काय गृहीत धरलंय तेच काढून घ्यायला हवं, हळूच, तिला परीक्षा वाटणार नाही असं. ती बाजूने चालत होती, थोडी पुढे, आणि तिच्या पाठीकडे पाहत तो पहिलं वाक्य जुळवत होता, मोडत होता, पुन्हा जुळवत होता — आणि त्याला कसलीही घाई नव्हती.