मी वाजले आणि मुलं रांगेत आली

मित्रांनो, माझं वय विचारू नका. पितळेला सुरकुत्या पडत नाहीत, पोचे पडतात. मी नाशकात ओतलेली, लाकडी मुठीची, शाळेची जुनी घंटा आहे.

चित्रलेखाबाई शिक्षिकेच्या नोकरीवर दूर परदेशात गेल्या, तेव्हा ट्रंकेतून मला घेऊन गेल्या. तिथल्या गावच्या शाळेत मी एकवीस वर्षं वाजले. बाईंची शिस्त कडक. घंटा झाली की असाल तिथून धावत यायचं, उंचीप्रमाणे रांग धरायची. बुटकी पुढे, उंच मागे. पाहुणे कौतुक करायचे आणि मी फुगायचे.

मग त्या देशात आपसांतलं युद्ध पेटलं. सरकारशी लढणारी एक टोळी डोंगरात होती, तिला शेजारच्या देशाचं पाठबळ. आम्ही एका खडूचे तीन तुकडे करायचो. त्यांच्या बंदुका कोऱ्या करकरीत, खोक्यांवर परक्या लिपीतले शिक्के. धाडणाऱ्यांनी बंदुका धाडल्या, माणसं नाही धाडली. ती गावातून उचलायची होती.

एका सुट्टीच्या सकाळी त्यांचा म्होरक्या शाळेत शिरला. बाई बाजारात गेलेल्या. त्याने मला उचललं आणि वाजवलं.

मुलं आली हो! तोंडात घास, केस ओले, तरी धावत आली आणि उंचीप्रमाणे उभी राहिली. त्या मेल्याला निवडायचेही कष्ट पडले नाहीत. मागची अकरा त्याने ट्रकवर चढवली.

आता मी वेरिबी नावाच्या दुसऱ्या एका परदेशी गावात, बाईंसोबत त्यांच्या लेकीकडे राहते. दर रविवारी हॉलमध्ये मराठी शाळा भरते, तिथे बाई शिकवतात. मला घरी एकटीला सोडत नाहीत. मी त्यांच्या पिशवीत असते. गेल्या रविवारी मुलांचा गोंधळ आवरेना, तेव्हा मदतीला येणाऱ्या हृषिकेशने मला बाहेर काढून वाजवलं.

"चला, लाइनमध्ये! उंचीप्रमाणे!"

"ठेव ती खाली!" बाई किचनमधून ओरडत आल्या. मग सगळ्यांसमोरच त्यांनी त्या सकाळची गोष्ट सांगितली.

हृषिकेश वरमला. तरी म्हणालाच, "पण काकू, सरकारही काही धड नव्हतं ना तिथलं? त्यांचा लढा जेन्युइन असेल."

"असेल ना. मग आपल्या उंचीची माणसं घेऊन लढायचं होतं."

सात वर्षांच्या उर्वीने विचारलं, "डिड दे कम बॅक, टीचर?"

"दोघे आले. एक अजून बोलत नाही." बाईंनी मला तिच्या हातात दिलं. "तू वाजव. बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. आधी विचारायचं, कोण बोलावतंय? कशाला?"

उर्वीने दोन्ही हातांनी मला हलवलं.

"कोण बोलावतंय? कशाला?" सगळी किंचाळली.

जन्मभर 'शांतता पाळा' म्हणणाऱ्या बाई म्हणाल्या, "ऐकू नाही आलं. अजून मोठ्याने!"

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी मागणार नाही. पोरांना रांगेत उभं करणाऱ्याला, आणि त्याला बंदुका धाडून स्वतः घरी निवांत जेवणाऱ्याला, तुम्हीही असंच विचारा. उत्तर नाही आलं तर रांग मोडा.