सव्वानऊ लिटर पाणी

मित्रांनो, बाजारात मिळते तसली फूटपट्टी मी नव्हे. माझ्या अंगावर आकडे नाहीत, नुसत्या खाचा आहेत. मी बिअरच्या पातेल्यातलं पाणी मोजायची एक जुनी लाकडी काठी आहे.

टास्मानियात ह्यूऑन नदीच्या काठी वॉलेस पायबस नावाचा होड्या बांधणारा सुतार राहतो. सगळे त्याला वॉल म्हणतात. होडीच्या फळीतून उरलेल्या पिवळ्या पाइनच्या तुकड्यातून त्याने मला तासलं. पातेल्यात एकेक लिटर पाणी ओतायचं, मला आत उभं धरायचं आणि ओल चढेल तिथे खाच पाडायची. असा माझा जन्म झाला.

दर महिन्याला शेडमध्ये वीस लिटर काळी बिअर व्हायची. मित्र विचारायचे, पाणी किती? वॉल मला पुढे करायचा. म्हणायचा, "हिला विचारा." ते ऐकून मी फुगून जायचे. पुढे मित्र एकेक करून गेले. वीस लिटर पिणार कोण? वॉलने पाच लिटर बिअरपुरतं छोटं पातेलं आणलं आणि त्याच्या खाचा माझ्या दुसऱ्या बाजूला पाडल्या.

त्याच हिवाळ्यात त्याचा उजवा हात लुळा पडला. मुलगी रोवेना होबार्टहून घरी राहायला आली. ऐंशीवा वाढदिवस दोन महिन्यांवर होता. डॉक्टरांनी त्या दिवशी एक पेला घ्यायला परवानगी दिली होती, आणि तो घरच्या काळ्या बिअरचा असावा एवढंच वॉलचं मागणं होतं. रोवेना म्हणाली, मी करते.

तिने वॉलची वही उघडली. वीस लिटरला तीस लिटर पाणी, पाच किलो भरडलेलं जव. मग फोन काढला आणि सगळ्याचा चौथा हिस्सा करून मागितला. फोनने क्षणात सांगितलं, साडेसात लिटर पाणी. तिने त्याला शाबासकी दिली, आणि मला? खिडकी आपटू नये म्हणून मला फटीत अडकवलं.

तिथून मी त्या फोनकडे बघत जळत होते. कधी पातेल्यात उतरला नाही, कधी वाफ अंगावर घेतली नाही, आणि मान मात्र त्याला. बिघडू दे हिचं, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू?

आणि बिघडलंच. तासभर उकळून, गाळ मागे ठेवून ओतलं तर पाचाच्या जागी जेमतेम सव्वातीन लिटर निघालं. मी आतून नाचत होते. मग रोवेना स्टुलावर बसली आणि तिने तोंडावर ओंजळ धरली. माझं नाचणं तिथेच थांबलं.

"वरून पाणी घालू का, डॅड?" तिने विचारलं.

"चहा कमी पडला की वरून पाणी ओततेस का?" वॉल म्हणाला. "रो, जव चौथाई घेतलंस, बरोबर केलंस. पण वाफ चौथाई झाली का? वाफ किती जाते, ते ठरतं पातेल्याच्या तोंडावर आणि चुलीच्या जोरावर. तुझी चूल केवढी पेटते, ते फोनला काय ठाऊक? माझी काठी कुठंय?"

दुसऱ्या दिवशी रोवेनाने छोट्या पातेल्यात नुसतं पाणी उकळलं. मला आधी बुडवलं, तासभर उकळून निवल्यावर पुन्हा बुडवलं. अडीच लिटर उडालं होतं. मग वॉल सांगत गेला आणि ती लिहीत गेली. पाच लिटर बिअरचे, अडीच वाफेचे, सव्वा जव पिऊन टाकणार, अर्धा तळाच्या गाळात राहणार. एकूण सव्वानऊ. तेवढं पाणी तिने माझ्या खाचांवर मोजून भरलं.

नंतर तोच अडीचचा आकडा तिने फोनलाही शिकवला. माझं काळीज पुन्हा करपलं.

वाढदिवसाला वॉलने डाव्या हाताने पेला उचलला. एक घोट घेऊन त्याने पेला पुन्हा खाली ठेवला. रोवेनाने विचारलं, जमली नाही का?

"माझ्यापेक्षा चांगली झालीय," तो म्हणाला. "चाळीस वर्षं केली मी, अशी एकदाही उतरली नाही. हेवा वाटतोय गं मला तुझा."

बोलला आणि मोकळेपणाने हसला. रोवेनाही हसली, आणि तिने त्याच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवला. मी खुंटीवरून पाहत होते. जे मी इतके दिवस आत कोंडून ठेवलं होतं, ते या म्हाताऱ्याने एका वाक्यात बाहेर काढलं, आणि त्याचं काही कमी झालं नाही.

मित्रांनो, आम्हा लाकडी वस्तूंना काम झाल्यावर धुवा, पुसा आणि वाऱ्यावर वाळू द्या. ओल आत मुरली की आम्ही कुजतो. हेव्याचंही तसंच असतं, हे मला फार उशिरा कळलं.