लोंबणारी तार

बायकोची रिमोटवरची शर्यतीची गाडी जवळ असली की निमूट वळायची, पण अंगणाच्या टोकाला गेली की ऐकेनाशी होऊन भिंतीवर आपटायची. नवऱ्याने रिमोटचे सेल बदलले, गाडीची बॅटरी बदलली आणि बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“हिच्या एरियलची तार कुठे गेली हो?” बायकोने विचारलं.

“लोंबत होती, गबाळी दिसायची. मोटरभोवती नीट गुंडाळून टाकली.”

तिने तार सोडवून उभी केली. गाडी टोकापर्यंत जाऊन मुकाट्याने वळून परत आली.

तो ओशाळला. “तुला ठाऊक होतं?”

“सकाळपासून. पण कधी नव्हे ते माझ्याऐवजी दुसऱ्या कुणावर तरी खेकसत होतात. ऐकायला बरं वाटत होतं.”