एककानी मांजराची मालकी

सकाळी आलेली नोटीस वाचता वाचता चित्रकार बाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. 'एककानी झोपाळू मांजर हे आमच्या साबण कंपनीच्या संशोधन विभागाने तयार केलेलं नोंदणीकृत बोधचिन्ह असून, आपण ते चोरून शुभेच्छापत्रांवर छापलं आहे. कार्डं नष्ट करून लेखी माफी मागावी.' सही वकिलांची, कंपनी धाकट्या दिराची.

संशोधन विभाग म्हणजे दीर आणि त्याचा मेव्हणा. मांजर तर तिच्याच घरातलं, मारामारीत कान गमावून आलेलं. दिराने "वहिनी, साबणाला काहीतरी गोड काढून द्या ना" म्हणून पिच्छा पुरवला, तेव्हा तिने आठवडाभर खपून ते चित्र काढून दिलं होतं. आता नोटिशीच्या धसक्याने दुकानदाराने तिची सगळी कार्डं फळीवरून उतरवली होती.

ती तडक कारखान्यात गेली. यंत्रातून वेष्टनं भराभर बाहेर पडत होती. प्रत्येकावर तिचं मांजर डुलक्या काढत होतं. दीर वकिलांशी बोलत बसला होता.

"भावजी, मी माझंच मांजर चोरलं म्हणे."

"अहो वहिनी, मनाला लावून घेऊ नका. ते चित्र जिथे जिथे दिसलं, तिथे नोटीस गेली. त्यात तुम्हीही आलात."

"चोरांच्या यादीत?"

"घरातल्यांना वगळलं असतं तर लोक काय म्हणाले असते? तुम्ही आपली दोन ओळींची माफी लिहून द्या, विषय संपला."

वकिलांनी चष्मा वर सरकवला. "एक मिनिट. चित्र यांनी काढलं?"

"मग काय मी काढणार? मला साधा गोल काढता येत नाही."

"पण मला तर संशोधन विभाग सांगितलात."

"कागदावर भारदस्त दिसतं हो."

"बरं, हक्क तुमच्याकडे दिल्याचं यांच्याकडून लिहून घेतलंत? मोबदला?"

दीर अभिमानाने हसला. "घरातल्या माणसाकडून लिहून कसलं घेता? एक पैसा दिला नाही. उलट चहासुद्धा वहिनींनीच पाजला."

वकिलांनी आपलीच नोटीस हलकेच घडी करून खिशात घातली. "साहेब, मग चित्राचा हक्क यांचाच. नुसतं चिन्ह नोंदवून चित्र आपलं होत नाही. यांनी मनात आणलं तर तुमची वेष्टनं बंद होतील."

दिराचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. "वहिनी, आपण काय परके आहोत का?"

"सकाळी होतो," ती म्हणाली. "यंत्र बंद करा आधी."

यंत्र थांबलं. तिने वकिलांना कोरा कागद काढायला सांगितला. "लिहा. चित्र माझं. साबणापुरतं वापरायची परवानगी, तीही वर्षभराच्या बोलीवर. प्रत्येक वेष्टनावर माझं नाव. आणि दुकानदाराला चोर कोण नव्हतं ते भावजी स्वतः जाऊन सांगतील."

"स्वतः? फोनवर नाही चालणार?"

"नोटीस फोनवर पाठवली होती का?"

दीर चपला शोधायला लागला.

"आधी सही," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं.