साहेबाची टोपी

आमचं राज्य एवढंसं, पण तारखांचा तोरा बघा! उन्हाळा लागला की एकामागून एक तीन येतात. करारावर सही झाली ती, झेंडा चढला ती आणि गोळीबाराची. पहिल्या दोन्हींना भाषणं होतात, लोक पेंगतात. तिसरीला मात्र चौकात मुंगी शिरायला जागा नसते. त्या दिवशी गोळीबार पुन्हा करून दाखवतात आणि शेवटी हुकूम देणाऱ्या साहेबाला जमाव तुडवतो.

खऱ्या साहेबाला कुणी बोटही लावलं नव्हतं. तो पेन्शन खात सुखाने मेला. म्हणून राग निघतो तो खेळातल्या साहेबावर, आणि बुक्के बरेचसे खरे असतात. नियम एकच: साहेबाची टोपी जमिनीवर पडली की हात आवरायचे.

गेल्या साली साहेब झाला आमचा कंपाउंडर. उंच, मिशीवाला, आणि इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटणारा. त्याची थोरली बहीण चौकातच शिवणकाम करते. आदल्या वर्षीच्या साहेबाची टोपी हुकूम द्यायच्या आतच वाऱ्याने उडाली होती आणि सगळा चौक खो खो हसला होता. आपल्या भावाचं हसं होऊ नये म्हणून ताईने टोपीला हनुवटीखालून जाड पट्टा शिवला. तालमीला तिला कोण बोलावणार? नियम तिला ठाऊकच नव्हता.

"ताई, गळा आवळतोय गं."

"खेळ संपेपर्यंत सोस. लहान पोरासारखं काय करतोस!"

खेळ बसवणाऱ्या मास्तरांनी टोपी पाहिली, "झकास" म्हणाले आणि फटाके मोजायला गेले. नियम त्यांचाच होता. तेवढंही डोकं चालवता आलं नाही त्यांना!

फटाके वाजले, माणसं पडली, जमाव साहेबावर धावला. पहिल्या तडाख्याला टोपी कानावर सरकली. दुसऱ्याला दात पडला. टोपी डोक्यावरच. मग लाथा सुरू झाल्या, मग कुणीतरी झेंड्याची काठी घेतली. कंपाउंडर पट्टा ओढायला गेला, तर त्याचा हात पिरगळला.

"टोपी! टोपी काढा!" तो ओरडत होता.

"अजून टोपीचीच पडलीय साहेबाला!" लोक हसले आणि आणखी चेव चढला.

दुकानाच्या पायरीवर शेजारचा न्हावी ताईला म्हणाला, "आज पडत कशी नाही? पडल्याशिवाय थांबायचे नाहीत हे."

ताईने हातातलं शिवण टाकलं. कापायची कात्री उचलून ती धावली. कात्री पाहून लोकांनी हौसेने वाट दिली. तिच्याही घरातलं कुणी गोळीबारात गेलं असेल, असं वाटलं त्यांना. दोघांनी तर साहेबाचे केस धरून मान वर करून दिली.

तिने पट्टा कापला. टोपी पडली. सगळे जागच्या जागी थांबले, घाम पुसला आणि टाळ्या वाजवल्या.

"ऊठ रे राजा. संपलं," ताई म्हणत राहिली. तो उठला नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा जमावात कुणीच नव्हतं, सगळे लांबून बघत होते.

यंदा तिसरी तारीख जवळ आली तसे मास्तर तीच टोपी घेऊन ताईच्या दुकानात गेले.

"जरा ठाकठीक करून द्या. पट्टा नको."

ताईने टोपी त्यांच्याच डोक्यावर बसवली, पट्ट्याची टोकं हनुवटीखाली गच्च बांधली आणि दार आतून लावून घेतलं. पहिली किंकाळी आली तेव्हा आम्ही सगळे चौकातच होतो. दार कुणीच वाजवलं नाही.