एक तरी खडा

सुलाबाईंनी सूप तिसऱ्यांदा मांडीवर घेतलं, पोटाशी टेकवलं आणि डाळीवरून बोटं फिरवायला सुरुवात केली. चिमूटभर पुढे ढकलायची, पसरायची, मागे ओढायची. पाकिटातली किलोभर तूरडाळ अशी दोनदा इकडून तिकडे झाली होती आणि खड्याचा पत्ता नव्हता. काडी नाही, मातीचं ढेकूळ नाही. लाखेची डाळ मिसळली असेल म्हणून कोपरे असलेले दाणे शोधले, तेही निघाले नाहीत. मग चार दाणे तळहातावर घेऊन रगडले. तेलाचा हात फिरवून चकचकीत केलेली डाळ असली की तळवा लगेच तुकतुकीत होतो. तळवा कोरडाच राहिला.

"बाई गं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आन् वर चार रुपयांनी स्वस्त."

हे काही त्यांच्या हिशेबात बसेना. स्वच्छ माल महाग आणि स्वस्त मालात कचरा, हे त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं. पंचवटीतल्या एका धान्याच्या गोदामात त्यांनी बावीस वर्षं निवडण्याचं काम केलं होतं. त्यामुळे डाळीच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणी शहाणपणा करायला धजत नसे.

डाळ आणली होती सुनेनं. नाशिकरोडला नवं सुपरमार्केट उघडून दोनेक महिने झाले होते. तिथे नावाजलेल्या कंपन्यांच्या शेजारीच दुकानाचा स्वतःचा माल मांडलेला असे. त्याचं नाव 'घरोघर'. साबण घरोघर, चहा घरोघर, डाळतांदूळही घरोघर. पांढरं साधं पाकीट, त्यावर हिरवी अक्षरं, बस्स.

"टीव्हीवर जाहिरात नाही ना त्यांची, म्हणून परवडतं," अंजली म्हणाली. ती महापालिकेच्या शाळेत शिकवत होती आणि कुठलीही गोष्ट दोन वाक्यांत समजावून सांगायची तिला सवय होती.

सुलाबाईंना असं समजावून सांगितलेलं पटत नसे. त्यांनी घरोघरचा एकेक माल तपासायला घेतला. साबण आठ दिवसांत नापास झाला. ओला राहिला की खालून नुसता गाळ. चहाला रंग फक्कड यायचा, पण घोट घेतल्यावर जिभेला काही कळायचंच नाही. तोही नापास. बुद्धभूषण, त्यांचा मुलगा, रेल्वेत मनमाडला कामाला होता. तो रात्रपाळीहून आल्यावर मुकाट्यानं जे असेल ते पीत असे, त्यामुळे त्याचं मत कुणी विचारलं नाही. डाळ मात्र पास. दोन शिट्ट्यांत शिजली आणि वरणाला गोडवाही आला. पाकिटाच्या पाठीला कोपऱ्यात एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असे, तिच्यावर नुसता आकडा: सात. हा सात कसला, हे काही केल्या त्यांना उमगेना. खडे नक्की काढतं तरी कोण, हेही कुणी सांगेना.

"निवडायची कटकट गेली बघा आई," अंजली पहिल्या रविवारी म्हणाली आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत गेली.

ती कटकट गेली आणि सुलाबाईंचा रविवारही गेला.

लग्न होऊन आल्यावर पहिली चारपाच वर्षं अंजली त्यांच्याशी बेतानंच बोलायची. भांडण नव्हतं; दोघींना एकमेकींचं काय करायचं ते कळत नव्हतं, एवढंच. मग कधीतरी रविवारी जेवणानंतर दोघी एका सुपावर समोरासमोर बसल्या, आठवड्याची डाळ निवडायला. हात कामात आणि माना खाली, एकमेकींच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. तिथे अंजली पहिल्यांदा बोलली, की तिच्या वडिलांना हल्ली तिचं नाव आठवत नाही. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सुलाबाईंनीही मग गोदामातलं सांगितलं. प्रत्येक पोत्यावर निवडणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी असे. पोतं व्यापाऱ्याकडे गेल्यावर त्यात खडा सापडला, तर चिठ्ठी परत यायची आणि त्या बाईचा त्या दिवसाचा रोज जायचा. कारभारी नावाचा मुकादम ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. एकदा त्यांचंही नाव वाचलं होतं. पोटच्या पोरालाही त्या हे बोलल्या नव्हत्या.

तर असा तो तास होता. आणि आता तो एका पांढऱ्या पाकिटानं बंद पाडला होता.

दुसऱ्या रविवारी सुलाबाईंनी खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीतून हरभऱ्याएवढा एक खडा उचलला आणि सुपातल्या डाळीत सोडला.

"अंजली, खडा निघाला गं."

"यातसुद्धा?" अंजली वही हातात घेऊनच बाहेर आली. मग वही ठेवली आणि समोर बसली. "थांबा, एक आहे म्हणजे अजून असतील."

तासभर बसली. शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकेची नक्कल करून दाखवली. सुलाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा खडा निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा निघाला, आणि तिथे गणित फसलं. अंजली बसलीच नाही. तिनं खडा कागदात बांधला, डाळ पाकिटात परत भरली आणि चपला घातल्या.

"तीनदा म्हणजे काय? त्यांनी पाटी लावलीय दुकानात, खडा दाखवा आणि दोन पाकिटं न्या. पाकिटं नकोत मला, पण सांगायला हवं."

"जाऊ दे ना. एवढ्याशा खड्यासाठी."

"तुम्हीच म्हणता ना, मालात खोट असली तर तोंडावर सांगावं."

आपलेच शब्द असे अंगावर आले. सुलाबाईही निघाल्या. एकटीला पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं.

दुकानात गारवा होता आणि गाणी चालू होती. मॅनेजर तिशीचा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, बोलायला अगदी गोड. त्यानं कागदातला खडा पाहिला, दोनदा माफी मागितली आणि पाकीट उलटं केलं. चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"सात," तो आतल्या दाराकडे पाहून म्हणाला. "तृप्तीला पाठवा जरा."

इतके दिवस ज्या आकड्याचं कोडं सुलाबाई सोडवत बसल्या होत्या, तो असा दारातून चालत बाहेर आला. वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. डोक्याला जाळी, अंगावर हिरवा एप्रन. उजव्या तर्जनीच्या नखाच्या कडेला डाळीची पिवळी पूड बसली होती. ती पूड कितीही धुतली तरी जात नाही, हे सुलाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"तृप्ती, हे तुझं पाकीट?"

"हो सर."

"खडा आहे यात. या बाई म्हणतात, तीन आठवडे निघतोय."

"सर, मिलमधून डाळ आली की मी पुन्हा सगळी टेबलावर पसरते," ती म्हणाली. आवाज खाली गेला होता. "दोनदा बघते."

"ते ठीक आहे गं. पण तीन म्हणजे मला वर कळवावं लागेल. माझ्या हातात नाही ते."

तृप्तीनं हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. अंजलीला अवघडल्यासारखं झालं. "अहो, एवढं नका करू," असं काहीसं ती म्हणाली, पण मॅनेजर तक्रारीचा अर्ज काढून लिहायला लागलाही होता.

"थांबा," सुलाबाई म्हणाल्या. "तो खडा दाखवा इकडं."

त्यांनी तो बोटांत धरून दिव्याखाली फिरवला.

"हा डाळीतला नाय."

"म्हणजे?"

"डाळीतला खडा डाळीसंगं घासलेला असतो. त्याच्या अंगावर पूड बसती. ह्याला बघा, एका बाजूनं शेवाळ हाय. रोज पाणी मिळतंय त्याला. हा कुंडीतला हाय, आमच्या घरातल्या. माझ्या हातनं पडलाय."

मॅनेजरचं पेन थांबलं. "तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा." त्यांचा चेहरा तापला होता, कानशिलं तापली होती. साठी उलटल्यावर भर दुकानात हे बोलायची वेळ यावी, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती. "ह्या पोरीनं डाळ चांगली निवडलीय. बावीस वर्षं हेच काम केलं मी. मला कळतं. तुम्ही लिहिताय ते फाडा."

त्यानं अंजलीकडे पाहिलं. अंजलीनं सासूकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. त्यानं अर्ज फाडला. तृप्ती आत निघून गेली.

परतताना रिक्षा उपनगर नाक्याच्या सिग्नलला थांबली.

"का हो आई?" अंजलीनं विचारलं.

सुलाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "रविवारचं तू बसायचीस. मला बरं वाटायचं."

रिक्षा सुटली. घरी आल्यावर तिनं भात लावला, वह्या तपासल्या, बुद्धभूषणला डबा भरून दिला. झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि आठवडाभरही नाही. सुलाबाई मनातल्या मनात पुरत्या खजील झाल्या. शनिवारी त्यांनी सूप पुसून माळ्यावर टाकलं.

रविवारी जेवणं झाली. त्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. स्वयंपाकघरातून स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग पाकीट फाडल्याचा. अंजली सूप घेऊन बाहेर आली. सुपात डाळ होती.

"एकदा नजर घाला हिच्यावर."

"काय नजर घालायची? सात नंबरची असंल."

"सातचीच आहे. तरी बघा."

सुलाबाईंनी सूप पोटाशी घेतलं. बोटं आपसूक चालायला लागली. चिमूट पुढे, पसर, मागे. तिसऱ्या चिमटीला तर्जनी थांबली. खडा होता. पहिल्यांदा त्यांना त्या मुलीची काळजी वाटली, की राहिलाच हिच्या नजरेतून. त्यांनी तो उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. पूड अजिबात बसलेली नव्हती. एका बाजूनं हिरवट शेवाळ होतं, आणि ते अजून ओलं होतं.

अंजली समोर येऊन बसली होती, मांडी घालून, मान खाली.

"मिळाला का हो?"

"मिळाला." सुलाबाईंनी खडा पदराच्या टोकाला बांधला. "अजून असतील. नीट बस."