निळीची नदी

सावळीराम मास्तरांनी गोटीराम सुताराला निरोप धाडला होता: कोरण्या, पटाश्या, रंधा, सगळं घेऊन जा, माझे डोळे गेले.

यशोधरा कॉलेजातले रसायनाचे तास आटोपून नाशिकरोडच्या घरी आली, तेव्हा तिचे वडील, दादा, भिंतीवरच्या चित्राकडे पाठ करून बसले होते. चित्र त्यांनीच छापलेलं. एका जुन्या जपानी कॅलेंडरवरची लाकडी ठशांनी छापलेली चित्रं बघून बघून शाळेतल्या या चित्रकलेच्या मास्तरानं ती विद्या एकट्यानं साधली होती. लाकडाची फळी कोरायची, पाण्यात कालवलेला रंग भाताच्या खळीबरोबर तिच्यावर चोपडायचा, ओलसर कागद ठेवून वरून घासायचं. चित्रात धरणाखाली गेलेलं त्यांचं गाव होतं. टेकडी, बाभळी, आणि मधोमध गडद, काठाकडे फिकी होत गेलेली नदी. हातानं रंगवलं असतं तर एका भिंतीवर राहिलं असतं. छापलं म्हणून गावातून उठलेल्या प्रत्येक घरी गेलं. हळदूचं लाकूड सहज मिळेना, म्हणून सगळ्या प्रतींवर एक रंग उमटला की तीच फळी रंधून पुढचा रंग कोरायचा. शेवटी पातळ झालेली फळी चुलीत गेली; ते चित्र पुन्हा छापता येणार नव्हतं.

पावसाळ्यात छापलेलं ते चित्र. दिवाळी सरली आणि मास्तरांना नदी दिसेनाशी झाली.

"मोतीबिंदू अजून कच्चा आहे म्हणाले ना डॉक्टर?" यशोधरानं विचारलं.

"डॉक्टरला काय कळतंय? नदी राखेसारखी दिसते मला. तुझी आई म्हणते, चांगली निळी आहे. मग दोष कुणाचा?"

यशोधरानं चित्र पाहिलं. नदी तिलाही राखेसारखीच दिसली. ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, तुला नदी कशी दिसते?"

आक्काबाईंनी आधणात चहाची पूड टाकली. "राखच हाय. पन त्यांना कसं सांगू? एवढ्या कष्टाचं काम. म्हनलं, निळी हाय."

"कागद कसल्या पाण्यात भिजवले होते?"

"नळाला लय गढूळ यायचं तवा. तुरटी फिरवली. रोज फिरवते त्याच्यापरीस जास्तच. चित्राला निर्मळ पाणी नको का?"

दादांनी नदीला कपड्यांची नीळ वापरली होती. ती नीळ आंबट पाण्यात टिकत नाही, हे यशोधरा मुलांना प्रयोगशाळेत करून दाखवत असे. तुरटीचं पाणी आंबटच.

ती बाहेर आली आणि दादांजवळ बसून हळू आवाजात म्हणाली, "तुमचे डोळे शाबूत आहेत. नीळच मेली आहे." मग तिनं तुरटीचं सांगितलं.

दादांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"सगळ्या घरांतली?"

"सगळ्या. कुठं आधी, कुठं नंतर."

"आईला बोललीस?"

"नाही अजून."

तेवढ्यात गोटीराम दारात उभा राहिला. "मास्तर, खरंच देताय का? उद्या परत मागाल, तर भाडं लावीन बरं का."

यशोधराला वाटलं, आता दादा त्याला माघारी धाडतील. दादांनी हत्यारांची पेटी पायानं त्याच्याकडे सरकवली.

"ने बाबा. मला दिसत नाही आता."

"दादा..."

"गावचं कुणी चित्र घेऊन आलं, तर हेच सांगायचं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. रंग कच्चा लागला."

आक्काबाई चहा घेऊन आल्या. कपबशी त्यांनी दादांसमोर धरली. दादांनी कपबशी पाहिली, आणि मुद्दाम हात तिला चुकवून पुढे नेत ते हवेत चाचपडले.

"अहो, इकडं हाय, इकडं," म्हणत आक्काबाईंनी त्यांची बोटं कपाच्या कानावर नेऊन ठेवली. आक्काबाईंचे डोळे भरून आले होते. गोटीराम पेटी खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरला.